बारा इंचांची चौकट

लग्नाचे फोटो चिकटवायचे ती वही म्हणजे अल्बम, आणि गाण्यांचा असतो तोही अल्बमच. एकाच शब्दाला हे दोन अर्थ योगायोगाने चिकटलेले नाहीत. गाण्यांचे सुरुवातीचे अल्बम खरोखरच वहीसारखे असत. बाहेरून जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि आत पानांच्या जागी जाड कागदाची पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक तबकडी.

वहीची गरज पडायची कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या पोटात फार काही मावत नसे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं, बारा इंची असली तर चारेक. बेथोव्हेनची एखादी मोठी सिम्फनी ऐकायची तर पाच-सहा तबकड्या एकामागून एक उलटसुलट कराव्या लागत, आणि त्या हरवू नयेत, फुटू नयेत, क्रम चुकू नये म्हणून एकत्र बांधाव्या लागत. आपल्याकडे अडचण आणखी मोठी होती. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत आटपायचा. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गाताना गौहर जान गाण्याच्या अखेरीस स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत, तेही या तबकड्यांच्या धंद्यामुळेच. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला हे गाणं कुणाचं हे कळावं आणि मधल्या गोल कागदावर बरोबर नाव छापलं जावं, एवढ्यासाठी ती ललकारी. चित्र नाही, वेष्टन नाही; गाण्याची ओळख गाण्याच्याच आवाजात.

पुढची तीसेक वर्षं फारसं काही बदललं नाही. सुट्या तबकड्या भुऱ्या कागदाच्या पाकिटात येत, त्याला मधोमध गोल भोक, म्हणजे आतलं नाव वाचता यावं. अल्बमच्या वह्या करड्या, तपकिरी, काळ्या. दुकानात त्या पुस्तकांसारख्या पाठ बाहेर करून उभ्या राहत. अमेरिकेतल्या धंद्यातल्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं होतं, थडगी. आत कोण निजलंय ते पाठीवरचा लेख वाचून समजून घ्या.

थडग्यांना रंग देणारा मुलगा

१९३९ साली कोलंबिया रेकॉर्ड्स कंपनीने ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुणाला जाहिरातींच्या कामासाठी नेमलं. जन्म १९१७चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. शाळेत चित्रकलेचे मास्तर असे भेटले की त्यांनी मुलांना युरोपातली नवी पोस्टरं दाखवून वेड लावलं. पुढे व्हिएन्नाहून आलेल्या जोसेफ बाइंडर या पोस्टरकाराच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. मोजके आकार, सपाट रंग, आणि लांबून दिसेल अशी एकच ठसठशीत कल्पना, हे शिक्षण त्याला तिथे मिळालं.

कंपनीत आल्यावर थोड्याच दिवसांत तो वरिष्ठांना म्हणाला की अल्बमवर चित्र छापू या. खर्च वाढणार हे उघड होतं. तरी त्यांनी काही अल्बमवर प्रयोग करून पाहायला परवानगी दिली. पहिलं कव्हर रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांचं. स्टाइनवाइस छायाचित्रकाराला घेऊन न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरवर गेला आणि मालकाला पटवून दर्शनी पाटीवरची दिव्यांची अक्षरं तेवढ्यापुरती बदलून घेतली. नाटकाच्या नावाच्या जागी अल्बमचं नाव झळकलं, फोटो निघाला आणि कव्हर तयार झालं. म्हणजे या कलेतलं पहिलं गाजलेलं कव्हर हे एका खोट्या पाटीचं खरं छायाचित्र आहे.

मग त्याचा हात मोकळा झाला. पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायकाच्या स्वातंत्र्यगीतांसाठी त्याने साखळदंडात जखडलेला आणि तरीही सुरी घट्ट धरलेला एक हात काढला. गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’साठी गडद निळ्या रात्रीत रस्त्यावरच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात उभा पियानो. गायकाचा चेहरा नाही, संगीतकाराचा अर्धपुतळाही नाही. चित्र पाहून गाणं कानात सुरू व्हावं, हा त्याचा हिशेब. कंपनीचा हिशेब वेगळा होता, पण तोही जमला. बेथोव्हेनच्या ‘इरॉइका’ या सिम्फनीचं ब्रूनो वॉल्टर या वाद्यवृंद-संचालकाने केलेलं ध्वनिमुद्रण नव्या चित्रासह बाजारात आलं तेव्हा विक्री नऊ पट झाल्याचं ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने छापलं. सूर तेच, वाजवणारे तेच, तबकडीही तीच. बदललं होतं ते वरचं पान.

लाख गेली, पुठ्ठा आला

७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असे. आपल्या बांगड्यांची आणि पत्रांवरच्या मोहोरेची तीच लाख. तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, बिहार-बंगालच्या जंगलांतून होई. दुसऱ्या महायुद्धात आशियातला माल मिळणं अवघड झालं आणि लाख युद्धाच्या कामालाही हवी होती, म्हणून १९४२ साली अमेरिकेने तबकड्यांसाठी तिचा वापर एकदम आवळला. कंपन्यांचं लक्ष प्लास्टिककडे वळायला हेही एक कारण झालं. जून १९४८मध्ये कोलंबियाने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात नवी तबकडी दाखवली. व्हिनाइलची, मिनिटाला साडेतेहतीस नाही पण तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी. आपण जिला लाँग प्ले किंवा एलपी म्हणतो ती हीच.

सहा तबकड्यांचं काम एकीवर आलं आणि वहीची गरजच संपली. आता नवीच अडचण. एलपीच्या खाचा केसासारख्या बारीक. जाड भुऱ्या कागदाच्या घडीच्या पाकिटात घालून थप्पी रचली की घडीचे वळ तबकडीवर उमटत. पुन्हा स्टाइनवाइसकडेच काम आलं. त्याने पातळ पुठ्ठ्याचं, वरून छापील कागद चिकटवलेलं, तीन बाजूंनी बंद चौकोनी जॅकेट तयार केलं. त्याचं पेटंट त्याच्या नावावर निघालं, पण नोकरीच्या करारानुसार शोधांवरचे हक्क त्याने कंपनीला सोडलेले होते. पुढे जगभर अब्जावधी तबकड्या त्याच घडणीच्या पाकिटात विकल्या गेल्या.

या पुठ्ठ्याचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. साधारण बारा इंच बाय बारा इंच. पुस्तकाच्या मुखपृष्ठापेक्षा मोठा, भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा लहान. मांडीवर घेऊन निवांत पाहता येईल आणि दुकानात हातभर अंतरावरून ओळखताही येईल असा. शिवाय एक बाजू संपेपर्यंत वीस मिनिटं ऐकणाऱ्याच्या हाताला दुसरा उद्योग नाही. तो कव्हर पाहणार, उलटणार, मागचा मजकूर वाचणार. चित्रकाराला इतका निवांत प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

पन्नास डॉलरांतलं जाझ

पैसा कमी असला की कल्पना धावते याचा दाखला म्हणून ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या कंपनीकडे बोट दाखवावं लागतं. १९३९ साली ती सुरू करणारा आल्फ्रेड लायन आणि त्याच्यासोबतीला आलेला फ्रान्सिस वुल्फ, दोघेही बर्लिनचे, हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले. दोघांना जाझचं वेड. लायन मुद्रण सांभाळी, वुल्फ त्या वेळी फोटो काढी. घामेजलेले चेहरे, सॅक्सोफोनवर टेकलेली बोटं, सिगारेटचा धूर, आणि मागे काळोख.

१९५५-५६च्या सुमारास या फोटोंना रीड माइल्स नावाचा मांडणीकार मिळाला. एका कव्हरमागे त्याच्या हाती पडत पन्नासेक डॉलर. चार रंगांची छपाई परवडण्याजोगी नव्हती, म्हणून काळा-पांढरा फोटो आणि वर एखादाच रंग. माइल्सने या गरिबीचीच शैली केली. फोटो निर्दयपणे कापायचा, चेहरा एका कोपऱ्यात सारायचा आणि उरलेल्या मोकळ्या जागेत अक्षरांना नाचवायचं. जॅकी मॅक्लीनच्या ‘इट्स टाइम!’वर शेकडो उद्गारचिन्हं आहेत आणि वादक वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा. फ्रेडी हबर्डच्या ‘हब-टोन्स’वर पियानोच्या पट्ट्यांसारख्या उभ्या पट्ट्यांतली एकच पट्टी खाली दबलेली आणि तिच्यावर वादक. एरिक डॉल्फीच्या ‘आउट टु लंच’वर दुकानदार जेवायला गेल्यावर दाराला लावतात तशी घड्याळाची पाटी आहे. ‘इतक्या वाजता येतो’ असं सांगणाऱ्या त्या घड्याळाला काटे मात्र सात, प्रत्येक काटा वेगळी वेळ दाखवणारा. डॉल्फीचं संगीत ऐकताना ताल कुठे पकडावा हे कळेनासं होतं, ते सगळं त्या सात काट्यांत आलेलं आहे.

यातली गंमत अशी की माइल्सला जाझची आवड नव्हती. त्याचं मन पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात. कंपनीकडून मिळालेल्या तबकड्या तो देऊन टाकी. संगीत कसं आहे ते लायनकडून समजून घ्यायचं आणि मांडणी करायची, असं करत त्याने सुमारे पाचशे कव्हरं केली. न ऐकता काढलेली ही चित्रं आज जाझचा चेहरा मानली जातात.

गांधीजी गेले, काली आली

१९६७च्या मार्चअखेर लंडनच्या चेल्सी भागातल्या एका स्टुडिओत माणसांच्या उंचीच्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांची गर्दी जमली होती. लेखक, नट, मुष्टियोद्धे, तत्त्वज्ञ. त्यांच्यापुढे झगमगीत बँडवाल्यांच्या पोशाखात चार बीटल उभे राहिले आणि मायकेल कूपरने फोटो काढला. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’चं हे कव्हर चित्रकार पीटर ब्लेक आणि त्याची पत्नी जॅन हॅवर्थ यांनी रचलं. इतर कव्हरांवर पन्नासेक पौंड खर्च होत त्या काळात यावर जवळजवळ तीन हजार गेले. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले. रॉक संगीताच्या अल्बममध्ये हे नवं होतं.

त्या गर्दीत जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहावरून चार भारतीय योगी आहेत: बाबाजी, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर आणि परमहंस योगानंद. पुढे फुलांपाशी एक छोटी लक्ष्मीही आहे. आणखी एक भारतीय फोटोच्या वेळी हजर होता पण छापील कव्हरवर नाही, तो म्हणजे महात्मा गांधी. ईएमआय कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवूड यांना धास्ती वाटली की गांधीजींना पॉपच्या गर्दीत उभं केलं तर हिंदुस्थानात लोक चिडतील आणि तिथल्या धंद्याला फटका बसेल. गांधीजी चित्रातून पुसले गेले. साम्राज्य जाऊन वीस वर्षं झाली होती. लंडनच्या साहेबाला गांधीजींच्या नावाने अजून घाम फुटत होता, फक्त या वेळी हिशेबाच्या वहीसाठी.

त्याच वर्षअखेरीस जिमी हेंड्रिक्सचा ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ आला. कव्हरवर विश्वरूपदर्शन. देवळाबाहेरच्या दुकानात चौकटीत लावून मिळतं तसं अनेक मुखांचं, अनेक हातांचं विष्णूचं कॅलेंडरी चित्र, आणि मध्यभागी देवाच्या मुखाच्या ठिकाणी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने, आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला, घरोघर पोचवलेली देवचित्रांची परंपरा अशी लंडनला पोचली. हेंड्रिक्स मात्र खूश नव्हता. आपल्या घराण्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं रक्त आहे असं तो सांगे. त्यांनाही तिकडे ‘इंडियन’च म्हणतात. कव्हर करणाऱ्यांनी भलतेच इंडियन पकडले, ही त्याची तक्रार.

तिसरी गोष्ट जिभेची. १९७० साली रोलिंग स्टोन्सने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या जॉन पॅश नावाच्या विद्यार्थ्याकडून चिन्ह करून घेतलं. मिक जॅगरने त्याला जीभ बाहेर काढलेल्या कालीमातेचं चित्र दाखवलं होतं. पॅशने देवी बाजूला ठेवली, फक्त ओठ आणि जीभ उचलली. मेहनताना पन्नास पौंड. ती लाल जीभ आज टीशर्टवर घालून हिंडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तिचं माहेर कालीघाटाकडे आहे!

ती पहिल्यांदा अल्बमवर आली १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’मध्ये. त्याच्या दर्शनी बाजूला अँडी वॉरहॉलच्या कल्पनेतून जीन पँटचा फोटो आणि त्याला खरीखुरी, उघडझाक होणारी धातूची चेन. थप्पीत ठेवल्यावर ही चेन वरच्या तबकडीत रुतू लागली आणि गाणी खराब होऊ लागली. उपाय शोधला तो शिंप्याला शोभेल असा: माल रवाना करण्यापूर्वी चेन अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे तिचा डोला मधल्या कागदी वर्तुळावर टेकेल, खाचांवर नाही.

देवांची उसनवारी नेहमीच खपली असं नाही. १९९७ साली एरोस्मिथ या बँडच्या ‘नाइन लाइव्हज’वर कालियामर्दनाचं चित्र मांजराचं डोकं लावून छापलं गेलं. हिंदूंनी निषेध केला, कंपनीने माफी मागितली आणि कव्हर बदललं. १९६७मध्ये ज्या भीतीने गांधीजी गेले ती तीस वर्षांनी अशी खरी ठरली, फक्त वेगळ्या कव्हरवर.

नाव नसलेलं कव्हर

गायकाचा चेहरा जाऊन चित्र आलं, पण नाव तरी हवंच, असं दुकानदार म्हणत. लंडनच्या हिपग्नोसिस या चित्रसंस्थेने तेही ओलांडलं. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल हे तिचे दोघे कर्ते. पिंक फ्लॉइडच्या १९७०च्या ‘ॲटम हार्ट मदर’वर त्यांनी मान वळवून पाहणारी एक गाय छापली. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. नुसती गाय, कुरणात.

१९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या वेळी बँडमधल्या रिचर्ड राइटने फोटोऐवजी काहीतरी साधं, नेटकं मागितलं. हिपग्नोसिसने सात कल्पना पुढे ठेवल्या आणि चौघांनी मिनिटभरात एकीवर बोट ठेवलं. शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला लोलक. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा किरण आत जातो, रंगांचा पट्टा बाहेर पडतो. मोजून पाहा, रंग सहाच आहेत, पारवा गाळलेला आहे. मागच्या बाजूला दुसरा, उलटा लोलक ते रंग पुन्हा एकत्र करतो, म्हणजे दुकानदाराने कव्हरं ओळीने लावली तर किरण एका अल्बममधून दुसऱ्यात अखंड जात राहतो. अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी ऐकू येणारे हृदयाचे ठोके आतल्या पानावर रंगीत रेषेच्या चढउतारात दिसतात.

आपल्या कपाटातली कव्हरं

आपल्याकडे एलपी आणि चार गाण्यांच्या छोट्या ईपी रुळल्या तेव्हा कव्हराची वाट दुहेरी झाली. शास्त्रीय संगीताच्या कव्हरावर तानपुरा किंवा वाद्य घेतलेल्या कलावंताचा फोटो, ठळक रोमन अक्षरांत नाव, मागे रागाची माहिती इंग्रजीत. चित्रपटगीतांचं कव्हर मात्र सिनेमाच्या पोस्टरचं धाकटं भावंड. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विसाच्या दशकात हाताने पोस्टरं रंगवली त्या परंपरेतला भडक रंग, तिरकी अक्षरं, रडणारा डोळा आणि पिस्तूल, सगळं बारा इंचांत बसवलेलं. थिएटरबाहेरचं पोस्टर महिन्या-दोन महिन्यांत फाटून जाई, घरातल्या कव्हरावर तोच सिनेमा वर्षानुवर्षं टिके. १९७५च्या ‘शोले’चे नुसते संवाद पॉलिडोर कंपनीने तबकडीवर आणले आणि ते तुफान खपले. व्हिडिओ घरोघर नव्हता. गब्बर ऐकताना डोळ्यांसमोर धरायला होतं ते हातातलं कव्हर.

मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि चित्राची जागा आक्रसली. कॅसेटच्या कागदाची दर्शनी बाजू एलपीच्या जवळजवळ चौदावा हिस्सा, तीही उभी. पाठोपाठ सीडी, तिचा चौकोन सहावा हिस्सा. आकारासोबत सवयीही बदलल्या. भोवती अक्षरं नाचवायला जागा नाही, मग चेहरा मोठा करा आणि नाव त्याहून मोठं. २०१६ साली मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान बंद झालं तेव्हा उभं राहून एकेक कव्हर चाळण्याची एक जागाच गेली. आज फोनवरच्या यादीत अल्बमचं चित्र नखाएवढं असतं. गंमत पाहा, इतक्या लहान आकारात चालतं ते स्टाइनवाइसने पोस्टरवाल्यांकडून शिकलेलंच सूत्र: मोजके आकार, सपाट रंग, एकच कल्पना. लोलक नखावरही ओळखू येतो. सार्जंट पेपरची गर्दी येत नाही.

आणि तरीही पुठ्ठ्याचा चौकोन परतला आहे. २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइल तबकड्या सुमारे ४ कोटी १० लाख विकल्या गेल्या, सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७नंतर प्रथमच तबकडीने नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकलं. त्यातली खरी बातमी पुढे आहे. ल्युमिनेट या संगीतबाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने २०२३मध्ये नोंदवलं की तिथल्या तबकडी घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्या लोकांकडे ती वाजवायचं यंत्र आहे. उरलेले बहुधा गाणं फोनवर ऐकत असावेत आणि तबकडी भिंतीवर लावत असावेत. गौहर जानच्या तबकडीला वेष्टनावाचून आवाज होता. यांच्या घरात वेष्टन आहे आणि आतल्या खाचांवर सुई कधी टेकलेलीच नाही.